बॅटरी वर, उजेड खाली

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार, संध्याकाळचे सहा वाजून बत्तीस मिनिटे. ही वेळ अंदाजाने लिहिलेली नाही. त्या क्षणी मी मोबाइलमध्ये एक नोंद करत होते आणि वेळ मोबाइलने आपणहून टाकली आहे. नोंद अशी – १२.१ व्होल्ट. आमच्या गाडीची बॅटरी तेव्हा घोडपदेवच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, आमच्या खोलीच्या दारात, जुन्या वर्तमानपत्रावर चार्जिंगला लावलेली होती. गाडी खाली कंपाउंडमध्ये उभी होती. दोघींमध्ये तीन मजले होते आणि एकही वायर नव्हती.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. पुढचे सारे त्यावर उभे आहे.

या सदरातले अनुभव मी अनेक वर्षे वाचत आले आहे, आणि स्पष्टच सांगते – चुका शोधायला वाचत आले आहे. कुणाला जिन्यात सावली दिसली की मी आधी बल्बची जागा विचारणार. कुणाच्या खोलीत थंड झुळूक आली की खिडकीची फट. मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.टेक. केले असून बॅटऱ्यांवर काम करते. ज्या घटनेला स्पष्टीकरण नाही, तिचे मोजमाप नीट झालेले नाही, असे मी मानत आले. बहुतेक बाबतींत आजही मानते. फरक इतकाच की माझे वडील आज हयात आहेत, आणि ते हयात का आहेत याची साखळी जोडत गेले की मधली एक कडी मला सापडत नाही. निदान मला तरी ती सापडलेली नाही, हे इथे लिहून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

बाबा शिवडीला एका गोदामात कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिली कोणती गोष्ट केली असेल, तर एक जुनी चंदेरी हॅचबॅक घेतली. वर्षातून दोनदा ती आम्हाला कणकवलीजवळच्या गावी नेते. एरवी कंपाउंडमध्ये उभी असते आणि बाबा तिला रोज सकाळी पुसतात. मला युरोपातल्या एका विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली तेव्हा बाबांची पहिली प्रतिक्रिया अभिनंदनाची नव्हती.

"एअरपोर्टला माझ्या गाडीतून जायचं," ते म्हणाले. "ती मोबाइलवाली गाडी दारात आली तर मी परत पाठवीन. सांगून ठेवतो."

विमान पंचवीस ऑक्टोबरचे होते. आणि नेमकी दसऱ्यानंतर गाडी बिघडली.

लक्षणे अशी होती. रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटरी मेलेली. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद उजळायचा, जो उजळण्याचे काही कारण नाही. आणि डाव्या बाजूचा मागचा दिवा, म्हणजे हेडलाइटबरोबर लागणारा तांबडा, मुळीच लागायचा नाही. बाबा गॅरेजला न्यायला निघाले होते. मी म्हटले, घरात इंजिनिअर असताना गॅरेज कशाला?

"इंजिनिअर आसा, मेकॅनिक नाय," बाबा म्हणाले. बाबा खुशीत असले की मालवणी होतात.

"बाबा, वीज दोघांना सारखीच कळते."

त्या शनिवारी सकाळी मी मल्टीमीटर घेऊन खाली उतरले. बंद गाडीतून बॅटरी किती करंट गमावते ते पाहण्यासाठी मीटर मध्ये जोडला आणि एकेक फ्यूज काढत गेले. ज्याचा फ्यूज काढल्यावर गळती थांबेल, दोष त्या रस्त्यावर. मागच्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि आकडा खाली आला. मग मी बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सचे झाकण पूर्ण उघडले, आणि आत मला पांढरट-हिरवा, चिकट थर दिसला. त्या थरात झेंडूची एक पाकळी होती.

इथे आईच्या पूजेविषयी सांगणे भाग आहे. दसऱ्याला गाडीला हार घालणे, हळदकुंकू लावणे, चाकाखाली लिंबू ठेवणे, इतके सगळेच करतात. माझ्या आईचे वडील गिरणीत होते. तिथे दसऱ्याला मागांची पूजा व्हायची आणि नारळाचे पाणी थेट यंत्रावर शिंपडले जायचे. लहानपणी तिने ते पाहिले आहे. तेव्हापासून तिचे ठाम मत आहे की बाहेरचा पत्रा पुजून उपयोग नाही, काम आतले यंत्र करते. म्हणून ती दरवर्षी बाबांना बॉनेट उघडायला लावते, आतल्या सर्वांत महत्त्वाच्या दिसणाऱ्या काळ्या पेटीला कुंकू लावते आणि नारळाचे पाणी तिच्यावर सोडते. गिरणीचा लोखंडी माग हे सोसत असेल. फ्यूज बॉक्स सोसत नाही.

मी वर पाहून हाक मारली. आई गॅलरीत आली.

"आई, इथे नारळाचं पाणी कुणी ओतलं?"

"ओतलं नाही. शिंपडलं."

"हे शिंपडणं आहे? आत खोबऱ्याचा तुकडा आहे!"

"मग तो प्रसाद असेल. टाकू नकोस."

"किती नारळ फोडलेस यंदा?"

"दोन," आई म्हणाली. "तू एवढी लांब चाललीस. एकाने काय होतं?"

बाबा माझ्या शेजारी उभे होते. हसता हसता त्यांना खोकला आला. "इंजिनाचो उपास सुटलो," ते म्हणाले. नंतर आठवले तेव्हा जाणवले, की तो खोकला जरा जास्त वेळ टिकला होता आणि बाबांनी एक हात गाडीच्या टपावर टेकला होता. त्या वेळी मी फ्यूज बॉक्स पाहत होते.

निदान झाले होते. बॉक्समधल्या थरातून गळती. आणि मागे, बंपरच्या खाली, जिथून दिव्यांची अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेली असते, तिथे गंज. अर्थ नीट मिळाला नाही की करंट दुसरी वाट शोधतो – ब्रेकचा करंट इंडिकेटरमधून जातो. लागत नसलेला दिवाही मी त्याच खात्यात टाकला. मी बॅटरी उतरवली, दोन्ही केबलींच्या तोंडांना टेप गुंडाळली, बॅटरी वर नेली. फ्यूज बॉक्स संध्याकाळपर्यंत साफ केला. अर्थिंगचा स्क्रू उद्या घासायचा, असे ठरले. पॉलिश पेपर मी बाबांसमोरच कपाटावर ठेवला. "उद्या मी करणार. तुम्ही वाकायचं नाही," इतके बोललेही.

आता आमच्या कंपाउंडचा रिवाज. जागा थोडी आणि गाड्या फार, म्हणून आमच्याकडे कुणीही गाडी गिअरमध्ये ठेवत नाही आणि हँडब्रेक लावत नाही. न्यूट्रलला ठेवायची. ज्याला आपली गाडी आत घ्यायची किंवा बाहेर काढायची असेल, तो दुसऱ्याची गाडी हाताने ढकलतो, विचारत नाही. आमच्या विंगखालचे दळवीकाका टॅक्सी चालवतात. त्यांची टॅक्सी संध्याकाळी आमच्या गाडीपुढे लागते, आणि त्यासाठी ते रोज आमची गाडी हातभर मागे, भिंतीकडे ढकलतात. इतक्या वर्षांत त्यात कुणाला काही गैर वाटलेले नाही. अपवाद एकच – गाडीचा कोणताही दिवा लागलेला असेल, तर तिला हात लावायचा नाही. दिवा लागला आहे याचा अर्थ आत किंवा आसपास माणूस आहे. हा नियम कुठे लिहिलेला नाही. चाळीत लहान मुलांनाही तो माहीत असतो.

तर, सहा वाजून बत्तीस मिनिटे. मी बॅटरीसमोर मांडी घालून बसले होते. आई आत भाकऱ्या करत होती. बाबा थोड्या वेळापूर्वी "कोथिंबीर आणतो" म्हणून खाली गेले होते. समोरच्या विंगच्या दुसऱ्या मजल्यावरून कुंदामावशींचा आवाज आला. कुंदामावशी म्हणजे कंपाउंडवर चोवीस तास लक्ष ठेवणारी यंत्रणा; फक्त तिला बंद करायचे बटण नाही.

"मृणाल! ए मृणाल! गाडीची लाइट चालू ठेवलीस गं! मागची!"

मी बसल्या जागेवरूनच ओरडले, "नाही हो मावशी, शक्य नाही. बॅटरी वर आणलीय."

"तुझी बॅटरी स्वर्गात असू दे. लाइट चालू आहे!"

"दुसऱ्या कुणाची तरी असेल."

"तू इंजिनिअर झालीस म्हणून माझे डोळे फुटले काय? … अहो दळवी! थांबा, ढकलू नका! लाइट चालू आहे तिची!"

मी उठून गॅलरीच्या कठड्याशी आले. सूर्य मावळला होता, पण पुरता अंधार नव्हता. दिवे लावू की नको असा तो प्रहर होता. वरून आमच्या गाडीचा टप दिसत होता. गाडीची मागची बाजू आणि भिंत यांच्यामधल्या जागेवर पाण्याच्या टाकीचा पत्रा येतो, त्यामुळे ती फट वरून दिसत नाही. पण पत्र्याच्या कडेला भिंतीचा चुन्याने रंगवलेला पट्टा दिसतो. त्या पट्ट्यावर तांबडा उजेड पडलेला होता. स्थिर. लुकलुकत नव्हता.

दळवीकाका गाडीच्या पुढे उभे होते. दोन्ही तळवे बॉनेटवर, एक पाय मागे रोवलेला. ढकलण्याच्या पवित्र्यातच त्यांनी मान वर केली.

"मृणाल, काढतेस काय गाडी? आत कोण आहे?"

"कोणी नाही, काका. गाडीत बॅटरीच नाही."

"मग लाइट कसली?"

"तेच दाखवायला येते. थांबा."

दळवीकाकांनी हात काढून घेतले. मी मल्टीमीटर उचलला आणि खाली उतरले. मला धोक्याची कसलीही जाणीव झाली नव्हती, छातीत धस्स वगैरे काही झाले नव्हते. कुंदामावशींना चूक ठरवायचे, एवढाच माझा हेतू होता. खाली आल्यावर मी आधी बॉनेट उघडले आणि दळवीकाकांना बॅटरीची रिकामी जागा दाखवली. टेप गुंडाळलेल्या केबली दोन बाजूंना पडलेल्या होत्या.

"हे बघा. काही आहे का इथे?"

"नाही बुवा," काका म्हणाले आणि मागे बोट दाखवले. "पण ती लागलीय."

मी मागे गेले.

डावा दिवा लागलेला होता. तोच, जो सकाळी बॅटरी असतानाही लागला नव्हता. त्याच्या तांबड्या उजेडात, भिंत आणि बंपर यांच्यामध्ये, बाबा बसलेले होते. एरवी भिंतीशी पडून असते ती वीट त्यांनी ओढून बसायला घेतली होती. पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी, हातात पॉलिश पेपर. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. बंपर त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर होता – काका रोज गाडी ढकलतात तेवढ्याच.

मी किंचाळले असे दळवीकाका सांगतात. मला आठवते ते एवढेच, की काकांनी गाडी पुढे ओढली, आम्ही दोघांनी बाबांना उचलले आणि त्यांच्याच टॅक्सीत मागे आडवे केले. आई पायांत चपला न घालता आली. तिच्या हाताला पीठ होते. दिवाळी आठवड्यावर आलेली, लालबागच्या मुख्य रस्त्याला मुंगी शिरायला जागा नव्हती, काकांनी टॅक्सी आतल्या गल्ल्यांतून काढली, हॉर्नवरचा हात सोडला नाही आणि वाटेत आरशातून बाबांना एकसारखे सुनावत राहिले, "ए, डोळे मिटायचे नाहीत. गाववाल्या, माझ्या टॅक्सीत झोपायची परवानगी नाही. बघ माझ्याकडे. बघ!"

परळच्या हॉस्पिटलमध्ये पोहोचलो तेव्हा बाबांचे डोळे उघडे होते. हार्ट अटॅक होता. मोठी रक्तवाहिनी बंद झाली होती. त्यांना तसेच आत नेले. बाहेर आल्यावर एका तरुण डॉक्टरांनी विचारले, "कोणाच्या लक्षात आलं?" आई म्हणाली, "गाडीच्या." डॉक्टरांनी मान हलवली. धक्क्यात माणसे काहीही बोलतात, हे त्यांना सवयीचे असावे.

तिसऱ्या दिवशी बाबांना आयसीयूतून बाहेर आणले. तोवर मी घरी आंघोळीलाच काय ती जात होते. चौथ्या दिवशी मात्र मल्टीमीटर घेऊन खाली उतरले.

पहिली शक्यता – परावर्तन. दळवीकाकांच्या टॅक्सीच्या हेडलाइटचा उजेड दिव्याच्या तांबड्या काचेत चमकला असेल. पण टॅक्सी आमच्या गाडीच्या तोंडासमोर होती आणि दिवा पाठीमागे, भिंतीकडे पाहत होता. त्याच वेळी, त्याच जागी टॅक्सी उभी करून पाहिली. भिंतीवर काही पडत नाही. शिवाय काका म्हणतात, त्यांनी इंजिन आणि दिवे बंद करूनच पाय खाली ठेवला होता.

दुसरी – साठलेला चार्ज. बाबांनी डॅशबोर्डवरच्या गणपतीला एलईडीची माळ लावली आहे. तिच्या सर्किटमध्ये एक बारीक कपॅसिटर आहे. हिशेब केला. त्यातली ऊर्जा त्या बल्बला डोळ्याला दिसेल इतकाही उजेड देऊ शकत नाही, आणि बॅटरी उतरवून कित्येक तास झाले होते.

तिसरी – बाबांजवळ मोबाइलचा टॉर्च असेल आणि तो काचेवर पडला असेल. बाबांचा मोबाइल वर होता, माझ्या चार्जरशेजारी, चार्जिंगला.

चौथी शक्यता मी लाजत लिहिते – नारळाचे पाणी. दोन निरनिराळे धातू आणि मध्ये आम्लधर्मी द्रव असेल, तर तत्त्वतः एक अशक्त बॅटरी तयार होते. मी स्वयंपाकघरात वाटीत नारळाचे पाणी घेतले, तांब्याची पट्टी आणि गंजका खिळा बुडवला आणि मीटर लावला. आई दारात उभी राहून पाहत होती.

"आता नारळावर राग काढ."

"राग नाही काढत. तुझ्या बाजूने पुरावा शोधतेय."

"मग मिळाला?"

मिळाला नाही. एक व्होल्टसुद्धा होत नाही, आणि करंट इतका क्षुल्लक की बल्ब तर सोडाच, डॅशबोर्डवरच्या गणपतीची एक एलईडीही पेटली नसती.

मग मी मागचा दिवा उघडला आणि बल्ब बाहेर काढला. आदल्या शनिवारी मी अर्थिंगवर दोष टाकून मोकळी झाले होते, बल्ब तपासलाच नव्हता. या बल्बमध्ये दोन तारा असतात, एक ब्रेकची आणि एक रात्रीच्या दिव्याची. रात्रीच्या दिव्याची तार तुटलेली होती. काचेला आतून काळपट झाक होती. तार शनिवारच्या आधीच तुटली होती की नंतर, हे सांगता येत नाही. पण सकाळी बॅटरी असताना उजवा दिवा लागला आणि हा लागला नव्हता, हे मी स्वतः पाहिले होते. म्हणजे हा बल्ब संध्याकाळी लागायला दोन गोष्टी हव्या होत्या – वीज आणि तार. बहुधा दोन्ही नव्हत्या.

दिवा केव्हा विझला, यावर एकमत नाही. दळवीकाका म्हणतात, आम्ही बाबांना उचलले तेव्हा अंधार झाला, म्हणून त्यांनी खिशातून मोबाइल काढून टॉर्च लावला. कुंदामावशी म्हणतात, टॅक्सी गेटबाहेर पडेपर्यंत दिवा चालू होता आणि त्यांनी तो आपल्या डोळ्यांनी विझताना पाहिला, "कुणीतरी फुंकर घातल्यासारखा." मी स्वतः त्या वेळी दिव्याकडे पाहत नव्हते. माझी साक्ष इथे संपते.

बाबांना बोलायची परवानगी मिळाली, त्यानंतर मी बरेच दिवस विषय काढला नाही. घरी आल्यावर एका दुपारी त्यांनी स्वतःच काढला. स्क्रू घासताना छातीत कळ आली, हात वर होईना, हाक मारावी तर आवाज फुटेना. टॅक्सीचा आवाज ऐकू आला. दळवी आता ढकलणार, हे त्यांना कळत होते.

"घाबरलात?"

"घाबराक वेळ खंय होतो," बाबा म्हणाले. "उजेड पडलो ना."

"कसला उजेड, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच काहीतरी विसरते आहे. "माका वाटला, तू वरसून लाइट लावलंस. म्हटला, बरा झाला. चेडवाक कळला."

मला कळले होते असे त्यांना वाटले. मला काहीही कळलेले नव्हते. मी वर बसून कुंदामावशींशी वाद घालत होते. मी त्यांची समजूत दुरुस्त केली, बॅटरी कुठे होती ते सांगितले. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मग बॅटरीचो काय संबंध?" आणि कूस बदलून झोपले.

आईच्या मते तिची पूजा फळाला आली. मी तिच्या लक्षात आणून दिले, की तिच्या नारळाने गाडी बिघडवली, बिघाडामुळेच बाबा खाली जाऊन वाकले. तेव्हा पूजेच्या खात्यात फार तर बरोबरी जमा होते. आईने हे मान्य केले नाही. "गाडी बिघडली नसती, तर ते खरंच कोथिंबीर आणायला बाजारात गेले असते. तिथे कुणी पाहिलं असतं त्यांना?" पुढच्या दसऱ्याला तिने पाणी टायरवर सोडायचे कबूल केले आहे, एवढे मी पदरात पाडून घेतले.

दळवीकाकांना भेटायला मी पेढे घेऊन गेले. ते टॅक्सी पुसत होते. पेढा घेण्याआधी त्यांनी दोन्ही हात पँटला पुसले आणि मग तळवे माझ्यापुढे धरले.

"हे होते गं बॉनेटवर. जोर लावलाच होता मी. मावशी ओरडली नसती तर…" त्यांनी तळवे पुन्हा पँटला पुसले. "अजून रात्री हात बघतो मी."

"तुम्ही थांबलात, काका."

"लाइट होती म्हणून थांबलो. लाइट असली की ढकलायचं नाही. आपलं असंच आहे ना."

आपले असेच आहे, हे खरे. उजेड पडणे मला उलगडत नाही. पण तो पडल्यावर पुढे जे घडले, त्यातले सगळे उलगडते. एका बाईने गॅलरीतून पाहिले आणि गप्प बसली नाही. एका माणसाने दिवा दिसताच हात काढून घेतले, "बॅटरी नाही तर ढकलतो" असे म्हटले नाही. सगळ्या कंपाउंडमध्ये दिव्याची खूण मानली नाही, अशी फक्त मी होते. कुंदामावशींची मी माफी मागितली. त्यांनी ती सबंध चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात स्वीकारली.

विद्यापीठाने मला जानेवारीपर्यंत मुदत दिली. निघण्याच्या दिवशी एअरपोर्टला आम्ही आमच्याच गाडीतून गेलो. चालवत मी होते, बाबा शेजारी बसून मी कुठे क्लच उशिरा सोडला हे सांगत होते, आणि मागे आई आणि परतताना गाडी चालवायला दळवीकाका. डाव्या दिव्यात नवा बल्ब आहे. अर्थिंग घासून ग्रीस लावली आहे. गळती थांबली आहे. गाडीच्या विजेत आता काहीही न समजण्यासारखे राहिलेले नाही. जुना बल्ब मी इथल्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिला. तुटलेली तार ही तुटलेल्या तारेसारखीच दिसते.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. एखाद्या वाचकाला सुचले तर त्याने अवश्य कळवावे. मी ते तपासून पाहीन. मात्र आता मला ते सापडण्याची घाई उरलेली नाही. पूर्वी उत्तर न मिळालेला प्रश्न मला झोपू देत नसे. हा एकटाच असा आहे, की त्याच्यासोबत मला नीट झोप लागते.

डॉक्टरांनी बाबांना जिने चढायची परवानगी दिली आहे, सावकाश. दर रविवारी ते तीन मजले चढून वर येतात, दारातल्या खुर्चीवर बसतात, करोनाच्या काळात घेतलेले ऑक्सिमीटर बोटाला लावतात आणि आई मला व्हिडिओ कॉल करते. मी इथे छातीच्या ठोक्यांचा आकडा लिहून घेते; तो शंभराच्या आत राहायला हवा, असे डॉक्टर म्हणाले आहेत. गेल्या रविवारी कॉल लागला तेव्हा बाबा धापा टाकत हसत होते. मागून कुंदामावशींचा आवाज येत होता, की दुसऱ्या मजल्यावर दोन मिनिटे थांबून मगच वर गेलेत, तिला खरे सांगा.

"थांबलो नाय. तिच्याशी बोललो," बाबा म्हणाले.

"बोट हलवू नका, बाबा. ठोके किती दाखवतंय?"

बाबांनी बोट कॅमेऱ्याच्या इतके जवळ आणले, की पडद्यावर दुसरे काहीच उरले नाही.

८४.